मुलांना बुद्धिबळाचे वेगळे प्रकार ऑनलाइन खेळवताना: सर्व्हर, खाती, क्रम आणि घड्याळ

डिचोलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. वाचनालयाच्या खोलीत दर रविवारी बारा मुलांचा बुद्धिबळाचा वर्ग चालतो, वयं सात ते चौदा. चार लॅपटॉप आहेत, बाकी पालकांचे मोबाइल. २०२५ साली गोव्यात फिडे (जागतिक बुद्धिबळ संघटना) विश्वचषक झाला तेव्हापासून मुलं वाढली आहेत आणि फ्रीस्टाइल, क्रेझीहाउस ही नावं तीच घेऊन येतात. हे सगळं खेळायला फुकट सर्व्हर कोणता? सुरुवात कशापासून करावी? यात मुलांचा नेहमीचा खेळ बिघडेल का? आणि पावसाळ्यात नेट जातं, तर सर्व्हर स्वतःच वाचनालयात उभारता येईल का?

खरा प्रश्न तिसरा आहे. तो सुटला की दुसऱ्याचं उत्तर आपोआप निघतं. पण सर्व्हर आधी उरकून टाकू, कारण त्यात फारसा वाद नाही.

लिचेस आणि पायचेस हे दोन पुरतात. लिचेस २०१० पासून चालू आहे, फ्रान्समधली ना-नफा संस्था ते चालवते, जाहिराती नाहीत आणि कुठलीही सोय पैशांमागे अडवलेली नाही. त्यावर नेहमीच्या खेळाशिवाय आठ प्रकार आहेत: चेस ९६० (फ्रीस्टाइल म्हणतात ते हेच), क्रेझीहाउस, अँटीचेस, ॲटॉमिक, थ्री-चेक, किंग ऑफ द हिल, होर्ड आणि रेसिंग किंग्ज. याच्या पलीकडचं काही हवं असेल, म्हणजे जपानी शोगी, चिनी शियांगची, कोरियन जांग्गी, थायलंडचं मकरुक, म्यानमारचं सित्तुयिन, दहा बाय आठच्या पटावरचं कॅपाब्लांका, तर पायचेस. तेही फुकट, त्याचाही कोड खुला, आणि लिचेसच्याच खात्याने आत जाता येतं. चेस डॉट कॉमवरही बरेच प्रकार फुकट खेळता येतात. चौघांचं बुद्धिबळ खेळायचं असेल तर तिकडेच जावं लागेल. पण फुकट खात्यावर जाहिराती दिसतात, म्हणून लहान मुलांच्या वर्गासाठी मी ते सुचवत नाही.

आता खाती. बहुतेक वर्ग इथेच अडखळतात. बारा मुलं एकाच वायफायवरून एकापाठोपाठ नोंदणी करायला बसली की काही खात्यांनंतर नोंदणी अडते, कुणाला ईमेल नसतो, कुणी वडिलांच्या खात्यावरून खेळतो. लिचेसवर शिक्षकांसाठी ‘क्लास’ नावाची सोय आहे ती वापरा. आधी तुमचं स्वतःचं खातं काढा, क्लासच्या पानावर शिक्षक म्हणून अर्ज करा, मग वर्ग तयार करून एकेक विद्यार्थी जोडा. या खात्यांना ईमेल लागत नाही. पासवर्ड सर्व्हर स्वतः तयार करतो आणि तो एकदाच दाखवतो, तेव्हाच वहीत उतरवून घ्या. हरवलाच तर शिक्षकाला नवा देता येतो. मूल मोठं झालं की ईमेल जोडून खातं त्याच्या स्वाधीन करता येतं.

खात्याला मुलाचं खरं नाव, आडनाव, गाव यातलं काहीही देऊ नका. नाव रोमन अक्षरांतच लागतं, तेव्हा म्हादई, झुआरी, साळ अशी नद्यांची नावं आणि पुढे आकडा ठेवला की कोण कोण ते तुमच्या वहीत राहतं आणि बाहेर कुणाला कळत नाही. प्रत्येक खात्याच्या सेटिंगमध्ये किड मोड चालू आहे ना ते स्वतः बघा; त्यात गप्पा आणि निरोप बंद होतात. हेच खातं घेऊन मूल पायचेसवर गेलं तर ते बंधन तिथेही लागू होईल असं धरून चालू नका. पायचेसवर लॉबीत सोडण्यापेक्षा आपसांत आव्हानाची लिंक पाठवून खेळवा, आणि सुरुवातीचे काही रविवार मागे उभे राहा.

पालकांच्या मोबाइलवर बऱ्याचदा पालकांचंच खातं आधीपासून उघडं असतं. खासगी टॅब उघडून त्यात मुलाचं खातं घाला, म्हणजे घरी गेल्यावर दोन खात्यांची सरमिसळ होत नाही. आणखी तीन सेटिंग पहिल्याच दिवशी बदलून टाका. प्रीमूव्ह बंद, कारण लहान मुलं समोरच्याची चाल न बघता खेळायला लागतात. आपोआप वजिराची बढती बंद, कारण अँटीचेसमध्ये नेमका वजीर नको असतो. आणि मोबाइलवर सोंगटी ओढण्याऐवजी आधी सोंगटीवर, मग घरावर बोट टेकवायची सवय. पाच इंची पडद्यावर ओढताना सोंगटी शेजारच्या घरात पडते आणि मग रडारड.

डाव रेटेड (ज्याने खेळाडूचा गुणांक बदलतो तसे) ठेवू नका, कॅज्युअल ठेवा. एकाच खोलीतून तीच बारा खाती एकमेकांशी खेळतात, दोन चालींत डाव सोडतात, हे सर्व्हरच्या नजरेला रेटिंग फुगवण्यासारखं दिसू शकतं. घरून अनोळखी खेळाडूंशी खेळताना मात्र रेटेड खुशाल खेळू द्या. प्रत्येक प्रकाराचं रेटिंग वेगळं असतं, सुरुवात १५०० पासून होते आणि पुरेसे डाव होईपर्यंत आकड्यापुढे प्रश्नचिन्ह राहतं. त्याचा फिडे रेटिंगशी काडीचाही संबंध नाही, हे पालकांना एकदा स्पष्ट सांगून टाका.

घड्याळ १०+५ लावा, म्हणजे दहा मिनिटं आणि प्रत्येक चालीला पाच सेकंद जादा. लिचेस डावाची अंदाजे लांबी मूळ वेळ अधिक चाळीस चालींचे जादा सेकंद अशी धरतं. १०+५ म्हणजे ६०० अधिक २००, प्रत्येकी ८०० सेकंद, दोघांचा मिळून साधारण सत्तावीस मिनिटांचा डाव. दीड तासाच्या वर्गात वीस मिनिटं नियम आणि मग दोन डाव नीट बसतात. जादा सेकंद आपल्याकडे पावसाळ्यात फार उपयोगी. वीज गेली की राउटर बंद पडतो, पण डाव सर्व्हरवर चालूच असतो आणि घड्याळही. मोबाइलचा हॉटस्पॉट आधीच जोडून ठेवलेला असेल तर पान पुन्हा उघडलं की डाव जिथे होता तिथे सापडतो, आणि चाळीस सेकंद उरलेलं मूलही सावरतं. मधल्या काळात समोरच्याला ‘विजय घ्या’ असा पर्याय दिसू लागतो. आपल्या वर्गात तो दाबायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

स्पर्धा लावायची तर वयातलं अंतर बघून अरीना घ्या. सात वर्षांच्या मुलाचा डाव पाच मिनिटांत संपतो आणि चौदाच्या मुलीचा पंचवीस मिनिटं चालतो; स्विसमध्ये सगळ्यांचे डाव संपल्याशिवाय पुढची फेरी लागत नाही, लहानगा तोवर खुर्चीवर उड्या मारतो, अरीनात त्याला लगेच दुसरा डाव मिळतो. फक्त अरीना तयार करताना बर्सर्क (जादा गुणासाठी स्वतःचा वेळ अर्धा करणं) आणि सलग विजयांचे दुप्पट गुण हे दोन्ही बंद करा, नाहीतर मुलं पटाऐवजी गुणांकडे बघतात.

आता खेळ बिघडतो का. मुलागणिक उत्तर वेगळं, पण ते ओळखायची माझी कसोटी साधी आहे. घड्याळात पाच मिनिटं ठेवून मुलाला राजा आणि हत्ती द्या, समोर एकटा राजा. मात होते का? दुसरं, सलग तीन डाव असे आहेत का की ज्यात त्याने एकही सोंगटी फुकट घालवली नाही? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर कुठलाही प्रकार खेळू द्या, फायदाच होईल. नसेल तर अजून क्रेझीहाउस नको. ज्याला सोंगटीची किंमत अजून कळलेली नाही त्याला किमती उलट्यापालट्या करणारा खेळ दिला की दोन्हीकडची गणितं चुकतात.

प्रत्येक प्रकार नेहमीच्या बुद्धिबळातला एखादाच नियम हलवतो. तो नियम कुठला आणि या मुलात कमी काय आहे, हे जुळवा.

पाठांतर करून खेळणाऱ्या, दहा चाली भराभर टाकून मग अडणाऱ्या मुलांसाठी चेस ९६०. बॉबी फिशरने १९९६ मध्ये ब्युनॉस आयर्समध्ये तो जाहीर केला. मागच्या रांगेतल्या सोंगट्या चिठ्ठीने मांडायच्या. दोन उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांत आणि राजा दोन हत्तींच्या मध्ये, एवढीच अट. अशा ९६० मांडण्या होतात आणि त्यातली एक आपली नेहमीची. मुलांना तेवढ्यापुरतं सांगायला एक गंमत: २००२ मध्ये गोव्यात ज्युनियर विश्वविजेता झालेला लेव्हॉन आरोनियन २०२५ मध्ये लास व्हेगासची फ्रीस्टाइल स्पर्धा जिंकला.

९६०मध्ये पहिली चाल करण्याआधी दोन मिनिटं पटाकडे नुसतं बघायला लावा. नेहमीच्या मांडणीत प्रत्येक प्याद्याला मागून कुणीतरी राखत असतं. इथे बऱ्याचदा एखादं प्यादं पहिल्यापासून उघडं असतं आणि समोरचा उंट किंवा वजीर एका चालीत त्यावर नेम धरतो. ‘माझं कुठलं प्यादं उघडं आहे, त्याचं कुठलं?’ एवढंच विचारा. ही सवय नेहमीच्या खेळात थेट उपयोगी पडते.

गोंधळ होतो तो किल्लेकोटात. राजा आणि हत्ती कुठूनही सुटले तरी पोचतात नेहमीच्याच घरांत: एच बाजूला राजा जी१, हत्ती एफ१, ए बाजूला राजा सी१, हत्ती डी१. राजा किंवा हत्ती दोघांपैकी कुणालाही ज्या घरांवरून जायचं किंवा ज्या घरांत पोचायचं आहे ती त्या दोघांखेरीज रिकामी हवीत, आणि राजाच्या वाटेत शह नको. आता बघा: राजा बी१वर आहे, हत्ती ए१वर. ए बाजूचा किल्लेकोट केला की राजा हत्तीपासून एक घर दूर सी१ला जातो आणि हत्ती त्याच्यावरून उडून डी१ला बसतो. मुलं हमखास ओरडतात की कॉम्प्युटरने फसवलं. राजा एफ१ आणि हत्ती जी१ असेल तर दोघं नुसती जागा बदलतात, तीही पहिल्याच चालीला. पडद्यावर किल्लेकोट करायचा तर राजा उचलून स्वतःच्या हत्तीवर ठेवायचा. राजा एफ१ आणि हत्ती एच१ असताना मूल राजा जी१ला नेतं, सर्व्हर ती राजाची साधी चाल धरतो, किल्लेकोटाचा हक्क गेला आणि हत्ती कोपऱ्यात अडकला. ही चूक जवळजवळ प्रत्येक मूल एकदा करतंच, म्हणून खऱ्या डावाआधी संगणकाच्या पहिल्या पातळीशी फक्त किल्लेकोट होईपर्यंत खेळायला लावा.

क्रेझीहाउस मुलांना सर्वांत आवडतो आणि सांभाळायलाही तोच लागतो. मारलेली सोंगटी रंग बदलून तुमच्या खिशात येते आणि चाल म्हणून ती कुठल्याही रिकाम्या घरात टाकता येते. प्यादं तेवढं पहिल्या आणि आठव्या रांगेत टाकता येत नाही. बढती मिळून वजीर झालेलं प्यादं मारलं तर खिशात प्यादंच येतं. किमती बदलतात: हत्ती, उंट, घोडा जवळपास एकाच मोलाचे होतात, कारण दाटीत हत्तीला धावायला जागा नसते आणि घोडा मात्र हवा तिथे उतरतो. लांबून दिलेला शह मध्ये सोंगटी टाकून थोपवता येतो, म्हणून जवळचा शह आणि घोड्याचा शह यांना खरी किंमत. एक चित्र पटावर मांडून दाखवा: काळा राजा एच८, हत्ती जी८, प्यादी जी७ आणि एच७, एफ७चं घर रिकामं आणि त्यावर काळ्याचा मारा नाही. पांढऱ्याच्या खिशात घोडा आहे. तो एफ७वर टाकला की डाव संपला. एफ७ आणि एफ२ ही प्यादी का जपायची, हे एवढं दाखवलं की पुरे.

यातून येणारी वाईट सवय म्हणजे सोंगट्यांचा बळी देत सुटणं. क्रेझीहाउसमध्ये पुढाकार हातात असला की एक सोंगटी कमी असून चालतं, कारण खिसा पुन्हा भरतो. नेहमीच्या खेळात गेलेला घोडा परत येत नाही. म्हणून रेटेड स्पर्धा जवळ आली की आठवडाभर आधी क्रेझीहाउस बंद करा. ९६० बंद करायची गरज नाही, त्याचे मध्य आणि शेवट नेहमीसारखेच असतात.

अँटीचेस लहानांना द्या. मारणं सक्तीचं, सगळ्या सोंगट्या संपवणारा जिंकतो, राजा म्हणजे आणखी एक सोंगटी. ‘कोण कुणाला मारू शकतं’ हे पटभर शोधायची यात सक्तीच होते, आणि सात वर्षांच्या मुलात नेमकं तेच कमी असतं. पांढऱ्याने पहिली चाल ई३ केली तर जिंकता येतं, हे २०१६ मध्ये संगणकाने सिद्ध झालंय, पण त्याची काळजी तुमच्या वर्गाने करायला नको.

ॲटॉमिक मागे ठेवा. मारलं की स्फोट होतो, मारणारी आणि मेलेली सोंगटी जाते, आजूबाजूच्या आठ घरांतलं प्यादी सोडून सगळं जातं. पांढऱ्याने घोडा एफ३ केला की तो पुढच्या चालीला जी५ला येऊन एफ७चं प्यादं मारायची धमकी देतो. एफ७च्या शेजारी ई८ आहे, राजा तिथेच उडतो. काळ्याने लगेच प्यादं एफ६ खेळून जी५ आणि ई५ ही घरं राखायची असतात. हे न सांगता सोडलेलं मूल पाच चालींत हरतं, दहा वेळा हरतं, आणि परत त्या प्रकाराकडे बघत नाही. थ्री-चेक आणि किंग ऑफ द हिल मधूनमधून बदल म्हणून ठीक. होर्डमध्ये पांढऱ्याला ३६ प्यादी असतात, प्याद्यांच्या साखळ्या शिकवायला बरा. रेसिंग किंग्जमध्ये शह द्यायलाच बंदी आहे. मोठ्या मुलांनी एखाद्या सुट्टीत खेळावा, बास.

पायचेसवरचे दोन प्रकार तुमच्या वर्गाला खास लागू पडतील. सात-आठ वर्षांच्यांना दोबुत्सू शोगी: तीन बाय चारचा पट, प्रत्येकी चारच सोंगट्या. सिंह आठही दिशांना एक घर, जिराफ सरळ आणि आडवा एक घर, हत्ती तिरका एक घर, पिल्लू पुढे एक घर. सिंह पकडला की जिंकलात, किंवा आपला सिंह समोरच्या शेवटच्या रांगेत सुखरूप पोचवला तरी. मारलेली सोंगटी इथेही परत टाकता येते, म्हणजे क्रेझीहाउसची तयारी न रडता होते. आणि ज्या मोठ्या मुलांना शेवटचा खेळ कंटाळवाणा वाटतो त्यांना मकरुक. हत्ती-घोडे आपलेच, पण वजीर तिरका फक्त एक घर चालतो, प्यादी तिसऱ्या रांगेतून सुटतात आणि सहाव्या रांगेत त्यांना तसल्याच दुबळ्या वजिराची बढती मिळते. सगळं सावकाश घडतं, त्यामुळे बेत आखावाच लागतो. यात मोजणीचा नियम आहे: पटावर प्यादी उरली नाहीत की दुबळी बाजू चाली मोजू लागते आणि ६४ पर्यंत मात झाली नाही तर बरोबरी. दुबळ्याचा राजा एकटाच उरला असेल आणि समोर एक हत्ती असेल तर मर्यादा १६, दोन हत्ती असतील तर ८, आणि त्यात पटावरच्या सोंगट्या आधीच मोजून धरतात. हे आधी सांगितलं नाही तर जिंकत असलेलं मूल बरोबरी पाहून चक्रावतं.

डाव संपल्यावर विश्लेषण त्याच सर्व्हरवर करा. साधं स्टॉकफिश हे विश्लेषणाचं इंजिन ९६० सोडलं तर या प्रकारांचे नियम जाणत नाही. प्रकारांसाठी फेअरी-स्टॉकफिश हे वेगळं इंजिन आहे आणि पायचेस तेच वापरतं. ॲटॉमिकचा डाव उतरवून नेहमीच्या विश्लेषणाच्या पानावर चिकटवला तर मधेच ‘चाल अवैध’ म्हणून थांबतो. ९६०च्या डावासोबत सुरुवातीची मांडणीही जपून ठेवावी लागते, नाहीतर नुसत्या चालींवरून काहीच उभं राहत नाही.

राहिला स्वतःच्या सर्व्हरचा प्रश्न. पायचेसचा कोड घेऊन वाचनालयाच्या संगणकावर चालवता येतो; पायथन आणि मोंगोडीबी हवं, आणि ते सांभाळणारं माणूस हवं. पण खात्याने आत जाणं लिचेसवरून होतं, म्हणजे नेट गेलं की ओळखही गेली. शिवाय वीज गेली तर संगणक तरी कुठे चालणार? त्यापेक्षा कपाटात सहा लाकडी पट आणि एक फासा ठेवा. क्रेझीहाउससाठी दोन संच आणि मध्ये एक वाटी पुरते. चौघे असतील तर दोन पटांवर बगहाउस: जोडीदाराने मारलेली सोंगटी तुम्ही टाकायची.

९६०ची मांडणी फाशाने काढता येते. पांढऱ्याच्या बाजूने बसा आणि डावीकडून मोजा. पहिल्या फेकीने चार काळ्या घरांपैकी एकात उंट; ५ किंवा ६ पडला तर पुन्हा फेका. दुसरी फेक, चार पांढऱ्या घरांपैकी एकात दुसरा उंट. तिसरी, उरलेल्या सहा घरांपैकी वजिराचं. चौथी, उरलेल्या पाचांपैकी पहिल्या घोड्याचं, ६ पडला तर पुन्हा. पाचवी, उरलेल्या चारांपैकी दुसऱ्या घोड्याचं. मग तीन घरं राहतात, त्यात डावीकडून हत्ती, राजा, हत्ती. काळ्याने समोर तंतोतंत तशीच मांडणी करायची. लाकडी पटावर किल्लेकोट करताना आधी तोंडाने ‘किल्लेकोट’ म्हणायचं, मग दोन्ही सोंगट्या हलवायच्या आणि त्यानंतरच घड्याळ दाबायचं. नाहीतर राजा एक घर सरकला की किल्लेकोट झाला, यावरून भांडण ठरलेलं.